चुनखडी खाणीची जनसुनावणी, बोलून काही होतं का?

कोरपनाकर: आमच्या कोरपना तालुक्यात चुनखडीची नवी खाण येतेय, जनसुनावणीची नोटीस पेपरात आलीय. ईआयए रिपोर्ट (खाणीचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अहवाल) जाडजूड आणि सगळा इंग्रजीत, समजायचा कसा?

विहीरवाला: मराठी सारांश द्यावाच लागतो, २००६ च्या ईआयए अधिसूचनेत आहे. कलेक्टर ऑफिस, झेडपीत बघायला मिळतो, नोटिशीपासून किमान ३० दिवस असतात. आधी भूजलाचं बघ, विहिरींची पातळी कुठल्या महिन्यात मोजली ते, नुसती पावसाळ्यानंतरची असेल तर काय अर्थ!

भाऊसाहेब: लेखी द्या अन् पोच घ्या. कोरमची अट नाही, चार डोकी आली तरी सुनावणी झाली धरतात.

कोरपनाकर: ब्लास्टिंगने भिंतीला तडे जातात, तेही लिहू?

विहीरवाला: लिही की, फोटो जोड. शेवटी मुद्दे मराठीत वाचून दाखवतात, तोवर उठू नको, तुझा गाळला तर तिथंच बोल.