मदत हवी आहे: नॅनोबबल की नुसते लायपोसोम?

नमस्कार मंडळी, एम.फार्म.च्या प्रोजेक्टमध्ये अडकले आहे. यकृताच्या कर्करोगासाठी (एचसीसी) अल्ट्रासाऊंडमध्ये दिसतील असे नॅनोबबल (वायू भरलेले अतिसूक्ष्म बुडबुडे) बनवतेय. लिपिडचं कवच, आत परफ्लुरोप्रोपेन वायू आणि वर ग्लिपिकन-३ ला चिकटणारी अँटिबॉडी. हे प्रथिन बहुतेक एचसीसी गाठींवर असतं, निरोगी प्रौढ यकृतात जवळजवळ नसतं, म्हणून ते निवडलं. सोनोव्ह्यूसारखे (अल्ट्रासाऊंडसाठी शिरेतून देतात ते) नेहमीचे मायक्रोबबल काही मायक्रॉनचे, ते रक्तवाहिनीतच राहतात. गाठीच्या गळक्या वाहिन्यांतून बाहेर पडून पेशींपर्यंत पोचायला लहानच बुडबुडे हवेत.

अडचण अशी: डीएलएसवर (प्रकाशाच्या विखुरण्यावरून कणांचा आकार मोजणारं यंत्र) आकार ३०० नॅनोमीटरच्या आसपास येतो, सर खूश. पण अँटिबॉडी जोडून दोनदा धुतलं की अल्ट्रासाऊंडमध्ये जेमतेम काही दिसतं. माझा संशय असा की वायू उडून गेलाय आणि डीएलएस रिकाम्या लायपोसोमचाच (आत वायूऐवजी पाणी असलेल्या लिपिडच्या पिशव्यांचाच) आकार दाखवतंय. त्याला बिचाऱ्याला वायू आहे की पाणी, काय कळणार!

निर्वात दाब देऊन बुडबुडे फोडायचे आणि आधी-नंतरचे कण मोजायचे, हा पुरावा परीक्षकांना चालेल का? धुताना सेंट्रिफ्यूजचा वेग किती ठेवता? मायक्रोबबल वर तरंगतात, ते काढून खालचा भाग घ्यायचा एवढं माहीत आहे. पण बुडबुड्यांना न जोडली गेलेली मोकळी अँटिबॉडी वेगळी कशी करायची?

आणि हेपजी२ (ग्लिपिकन-३ असलेल्या यकृत कर्करोगाच्या पेशी) सोबत तुलनेसाठी ग्लिपिकन-३ नसलेल्या पेशी कुणाकडे आहेत का? कंट्रोलशिवाय सगळं लटकलंय.