पाचवीच्या निकालाची जबाबदारी कशी वाटून घ्यावी? मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. गोव्याच्या डिचोली तालुक्यातील एका माध्यमिक विद्यालयात मी पाचवीला गणित शिकवते. शिक्षणहक्क कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार पाचवी व आठवीच्या अखेरीस परीक्षा होते आणि अनुत्तीर्ण विद्यार्थ्याला जादा मार्गदर्शन देऊन निकालानंतर दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षेची संधी द्यावी लागते. आपल्याकडे चौथीपर्यंतची प्राथमिक शाळा बहुधा वेगळी असल्यामुळे मूल आमच्याकडे येते तेव्हा सोबत केवळ श्रेणी असते, कच्चे दुवे कोणते याची नोंद नसते.

४०२ मधून १७८ वजा करताना काही मुले ३७६ लिहितात. म्हणजे प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतात. हातचा घेणे त्यांना उमगलेलेच नाही, हे 'क' श्रेणीवरून कोणाला कळणार? पालकसभेत मात्र पालक शाळेकडे बोट दाखवतात, आम्ही प्राथमिककडे. (खाजगी शिकवणीवाले नामानिराळे!)

कायद्याच्या २४ व्या कलमानुसार मुलाची प्रगती पालकांना नियमितपणे कळवणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. परंतु ती कळल्यावर पालकांनी घरी नेमके काय करावे, हे आम्हालाच ठरवावे लागते. कोणाच्या शाळेत प्राथमिक शिक्षक, पाचवीचे शिक्षक आणि पालक अशा तिघांच्या नोंदी असलेले पत्रक वापरात आहे का? असल्यास त्याचा नमुना कृपया पाठवावा. रोजंदारीवर जाणाऱ्या, सभेला येऊ न शकणाऱ्या पालकांना आपण कसे सामावून घेतले, हेही सविस्तर कळवावे.