मदत हवी आहे: समीकरण संतुलित येतं, पण रेणूंचं चित्र काढता येत नाही (अकरावी रसायनशास्त्र)

नमस्कार. मी नागपुरात एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीला रसायनशास्त्र शिकवते. वर्गात ऐंशीच्या आसपास मुलं, बरीचशी मराठी किंवा सेमी माध्यमातून आलेली, काही कामठी-हिंगण्याहून बसने येणारी. इथल्या शिक्षकांनी आणि नुकतीच बारावी झालेल्यांनीही जरूर लिहावं.

नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया होतो, हे समीकरण (N₂ + 3H₂ → 2NH₃) जवळजवळ सगळे बरोबर संतुलित करतात. मग मी म्हटलं, आता हेच अणूंचे गोल काढून दाखवा. हायड्रोजनचे तीन वेगळे रेणू यायला हवेत; कित्येक वह्यांत सहा गोलांची एक सलग माळ निघाली. अमोनियाच्या दोन रेणूंचाही एकच गठ्ठा. म्हणजे सूत्राच्या आधी लिहिलेला ३ आणि सूत्राच्या पायाशी लिहिलेला २, दोन्ही त्यांच्या लेखी सारखेच. एकीला विचारलं तर म्हणाली, "मॅडम, बॅलन्स तर होऊन गेलं ना, अजून काय करायचं?" तिला काय दोष देणार? गुण तेवढ्यालाच मिळतात.

उकळत्या पाण्याच्या बुडबुड्यांत काय असतं, हे विचारलं की "हवा" किंवा "हायड्रोजन आणि ऑक्सिजन". वाफ म्हणणारे मोजकेच. आणि हीच मुलं मोलची (म्हणजे कणांच्या एका ठरावीक, प्रचंड संख्येची) गणितं भराभर सोडवतात!

ग्लासगोचे अॅलेक्स जॉनस्टोन यांनी रसायनशास्त्राच्या तीन पातळ्या मांडल्या होत्या: डोळ्यांना दिसणारी, कणांची आणि चिन्हांची. आपल्याकडे सुरुवातच चिन्हांपासून होते आणि कण मधल्या मध्ये राहून जातात, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

एक गोष्ट मात्र चांगली जमते. टेबलावर १८ ग्रॅम पाणी, ५८.५ ग्रॅम मीठ आणि ३४२ ग्रॅम साखर शेजारी-शेजारी ठेवते. तिन्ही एक-एक मोल. चहाच्या कपाच्या तळाशी जेमतेम दिसणारं पाणी आणि साखरेचा तो ढीग, रेणू मात्र दोन्हींत तेवढेच, हे बघून मागचे बाकही पुढे सरकतात. वायूचंही तसंच. ० अंश आणि १ वातावरण दाबाला एक मोल वायू २२.४ लिटर, हे पाठ असतं. आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत तोच २६ लिटरच्या पुढे जातो, हे गणित मुलं हौसेने करतात.

पण चित्रांचं काय करू? ऐंशी वह्या रोज तपासणं शक्य नाही. शिवाय नीट-सीईटीच्या क्लासमध्ये सूत्र आधीच पाठ झालेलं असतं, त्यामुळे "हे कशाला?" असं तोंडावर येतं. प्रात्यक्षिक आधी आणि धडा नंतर, असं कोणी करून पाहिलं आहे का?

प्रतिसाद १ (वर्धा, निवृत्त शिक्षक)
मॅडम, वह्या तपासूच नका. मुलांनीच काढलेली चार चित्रं फळ्यावर काढा, तीन चुकीची, एक बरोबर. नावं नकोत. आधी बोटांनी उत्तर मागा, बरोबर कोणतं ते सांगू नका. मग शेजाऱ्याला पटवून द्यायला दोन मिनिटं द्या आणि पुन्हा बोटं मागा. हार्वर्डचे एरिक मझूर भौतिकशास्त्र असंच शिकवत आले आहेत. निम्म्या वर्गाचं चुकलं असेल तेव्हा चर्चा सगळ्यात रंगते. सगळ्यांचं बरोबर असेल तर प्रश्न सोपा होता, पुढे चला.

प्रतिसाद २ (धागाकर्ती)
सर, मनापासून आभार. हे सोमवारीच करते. प्रात्यक्षिकासाठी स्वस्तातलं, धूर-वास नसलेलं काही सुचवाल?

प्रतिसाद ३ (वर्धा, निवृत्त शिक्षक)
खाण्याचा सोडा. ८.४ ग्रॅम, म्हणजे ०.१ मोल, चिनी मातीच्या बशीत तापवा. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो, मागे ५.३ ग्रॅम सोडियम कार्बोनेट उरायला हवं. तापवण्याआधी प्रत्येक गटाकडून अंदाज लिहून घ्या, हे चुकवू नका. कण आधी चित्रात काढले तरच ५.३ कुठून आला ते कळतं. काटा ०.१ ग्रॅम दाखवणारा हवा. बशी गार करून तोला, परत तापवा, परत तोला; वजन उतरायचं थांबेपर्यंत. घाई केली तर आकडा जास्त येतो आणि मुलं म्हणतात, सूत्रच चुकीचं आहे.