टीएसएच वाढल्यावर माणूस असा गप्प होतो का?

कृष्णाकाठ_सांगली: मंडळी, आईचं वय ५८, चारेक महिने झाले कशातच लक्ष नाही तिचं. परवा गॅसवर दूध ठेवलं, समोरच उभी होती, दूध उतू जाऊन बर्नर विझला तरी ही आपली बघतेय. आम्हाला वाटलं डिप्रेशन, पण डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं, टीएसएच (थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन) वाढून १८ आणि फ्री टी४ (थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन) कमी. थायरॉईडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी चालू करून १२ दिवस झाले, फरक शून्य. ग्रंथी गळ्यात आणि बिघाड डोक्यात, हे कसं काय ओ?

साताऱ्याचा_अण्णा: १२ दिवसांत काय होतंय भावा. ६-८ आठवड्यांनी परत टीएसएच करतात, तवर दम धर. आणि गोळी नुसत्या पाण्यासोबत, मग अर्धा-पाऊण तास चहा नाही. आमच्या हिनं वर्षभर चहाबरोबरच गिळली, नि आम्ही लॅबला शिव्या देत बसलो.

मिरजेची_डॉक्टरीण: संबंध आहे, आणि दोन्हीकडून आहे. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून टीआरएच नावाचं हार्मोन निघतं, त्यावर मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी टीएसएच सोडते. यात नॉरअ‍ॅड्रेनॅलिन रेटा देतं, डोपामिन ब्रेक लावतं (दोन्ही मेंदूतली रसायनं), म्हणून आयसीयूत डोपामिनचं ड्रिप लावलं की टीएसएच खाली येतो. उलट बाजूने, रक्तातला टी४ मेंदूत जाऊन तिथं त्याचा टी३, म्हणजे त्याचंच जास्त जोरदार रूप, होतो, तो कमी पडला की मूड सांभाळणाऱ्या सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचं काम मंदावतं, माणूस सुस्त, उदास. डिप्रेशनच्या गोळीला दाद नाही दिली तर काही वेळा जोडीला टी३ देतात ते त्यामुळंच. बरं, आई अ‍ॅसिडिटीचं काही घेतात का?

कृष्णाकाठ_सांगली: घेते की! पँटोप्राझोल-डॉमपेरिडोनवाली कॅप्सूल, दोन वर्षं झाली, मेडिकलमधून आपली आणतोय. सकाळी ही नि थायरॉईडची गोळी दोन्ही एकदमच घेते.

मिरजेची_डॉक्टरीण: तेच विचारायचं होतं. डॉमपेरिडोन डोपामिनला अडवतं. रक्तातली बरीच औषधं अडवणारं कुंपण मेंदूभोवती असतं, म्हणून मेंदूत ते फारसं शिरत नाही, पण पिट्युटरी त्या कुंपणाबाहेर आहे, तिथला ब्रेक सैल झाला की टीएसएच थोडा वर सरकतो. पँटोप्राझोलनं पोटातलं आम्ल कमी होतं, मग थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही. पण टी४ही कमी आहे म्हणजे मूळ दुखणं थायरॉईडचंच, ती गोळी बंद करू नका. कॅप्सूलची पट्टी मात्र डॉक्टरांना दाखवा, दोन वर्षं मनानं घ्यायचं औषध नाही ते. आणि जगण्याचा कंटाळा आला असं काही बोलल्या तर सहा आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ.

कृष्णाकाठ_सांगली: तसं नाही बोलत अजून. पट्टी उद्याच नेतो, मागं एक्सपायरी पण बघितली नव्हती आम्ही 🙏

साताऱ्याचा_अण्णा: चहाचं तेवढं विचार रे आईला.