मुलीचं नाव सई ठेवलं तर सगळे साईच म्हणतील का?

सीवूड्सची_आई:
नमस्कार, मुलगी 5 आठवड्यांची आहे आणि बारसं पुढच्या रविवारी. शततारका नक्षत्र आलंय म्हणून स वरून नाव बघतोय आणि मला सई फार म्हणजे फारच आवडतं, आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायची त्यात सारखं सये सये यायचं ते कानात बसलंय. पण आमच्या मजल्यावर एक तमिळ, एक पंजाबी आणि एक गुजराती कुटुंब आहे, त्यांना नाव सांगून बघितलं तर तमिळ आँटी साई म्हणाल्या, पंजाबी भाभींना सही ऐकू आलं, गुजराती काकूंनी मात्र लगेच बरोबर म्हटलं. मिस्टर म्हणतात पोरगी आयुष्यभर लोकांना दुरुस्त करत बसेल. सासूबाईंचं वेगळंच, हल्ली घरोघरी सई झाल्यात म्हणे. ज्यांच्या घरी सई आहे त्यांनी प्लीज सांगा, आणि स्पेलिंग काय केलंत?

घोडबंदर_रोड:
आमची सई 6 वर्षांची. स्पेलिंग एस ए आय केलं, छोटं आणि सोपं म्हणून, आणि तिथेच चुकलो. आधार काढताना इंग्रजी नाव टाइप केल्यावर खाली मराठी आपोआप आलं ते साई, आम्ही पावती न बघताच सही केली, मग कार्डावर साई, त्यावरून शाळेच्या रजिस्टरला साई, आणि ते सगळं बदलायला मला तीन हाफ डे टाकावे लागले. तुम्ही एस ए डबल ई करा. आणि जन्मदाखल्यावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावं छापून येतात ती तिथेच उभं राहून अक्षर न् अक्षर वाचा. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट, आधार सगळीकडे जन्मतारखेला तोच दाखला लागतो, म्हणजे पहिली चूक पुढे सगळीकडे जाणार. घाई अजिबात करू नका, जन्माची नोंद झाली असेल तर नाव 12 महिन्यांपर्यंत फी न भरता घालता येतं.

मीच_सई:
मी स्वतः सई, वय 34, महापेला नोकरी. ताई, ठेवा नाव. हो, साई म्हणतात, कॉलवर तर साय पण म्हणतात, आणि साऊथच्या टीमला आधी मी मुलगा वाटले होते कारण तिकडे साई मुलाचंही नाव असतं आणि मुलीचंही. मी एवढंच सांगते, नई दिल्लीतला नई तसं सई. हिंदीवाल्यांना लगेच कळतं, परत सांगावं लागत नाही. आणि सही ऐकू आलं तर वाईट वाटून घेऊ नका, संस्कृत सखीचं प्राकृतात सहीच झालं होतं आणि त्यातूनच आपलं सई आलं, त्या भाभी नकळत जुनं रूप म्हणाल्या. माझी आत्या अजून मला सये म्हणून हाक मारते, ती हाक दुसऱ्या कुठल्या नावाला मिळाली नसती असं मला मनापासून वाटतं.

कळव्याच्या_बाई:
प्राथमिकला शिकवते. सासूबाईंचं खरं आहे, माझ्या वर्गात यंदा दोन सई आहेत. पण हे हल्लीचं फॅड नाही हो. शिवाजी महाराजांच्या पहिल्या पत्नी, संभाजीराजांच्या आई सईबाई, 1659 ला राजगडावर गेल्या, पायथ्याला पाल गावात त्यांची समाधी आहे, जमलं तर लेकीला घेऊन जा. सई परांजपेंचा जन्म 1938 चा. मधे नाव कमी ऐकू यायचं, आता परत आलंय. हजेरी इंग्रजी यादीवरून घेतात तेव्हा डबल ई दिसलं की नवीन शिक्षक निदान थांबून विचारतात, एस ए आय असेल तर सरळ साई म्हणून मोकळे होतात. वाय घालून डबल ई केलं तर मात्र काहीजण सायी वाचतात, ते टाळा.

सीवूड्सची_आई:
तुम्हा सगळ्यांचे खूप आभार. नई दिल्लीचं मिस्टरांना सांगितलं, ते लगेच शेजारी जाऊन भाभींना म्हणाले आणि भाभींनी पहिल्यांदाच सई बरोबर म्हटलं 😊 एस ए डबल ई नक्की केलं. पाळण्यात नाव नणंद सांगणार आहे, तिला आजीच्या दोन ओव्या लिहून दिल्यात, त्या आधी म्हणणार आणि मग सई.