बाग नवी झाली, पण दुपारी बसायचं कुठं?

शनिवार पेठकर
साताऱ्यात भर गावातल्या एका बागेचं काम नुकतंच पूर्ण झालं. नाव मुद्दाम घेत नाही. कमान आली, कारंजं आलं, रंगीत दिवे आले. परवा दुपारी एक वाजता तिथून जात होतो. फाटकाला कुलूप. बाहेर फूटपाथवर परळीकडच्या एक आजी पिशवीवर बसून भाकरी खात होत्या. त्यांच्या एसटीला अजून दीड तास होता, आणि आत वडाखाली गार सावली रिकामी पडली होती.

गावातली बाग फक्त पेठेतल्या लोकांची नसते. कोर्टाच्या तारखेला, दवाखान्याला, बाजाराला आलेला माणूस दुपारी कुठं टेकणार? माझं म्हणणं एवढंच: सावलीतली जागा आणि उघडं फाटक असेल तरच बाग भरेल. कारंजं बघायला लोक एकदाच येतात.

माळीकाका
पेठकर, आजींचं वाईट वाटलं, पण तुम्ही एकच बाजू बघताय. वीस-बावीस वर्षं मी बागांचीच कामं केली. दुपारी आम्ही पाणी देतो, छाटणी करतो, पालापाचोळा उचलतो. त्या वेळी बाग उघडी ठेवली की कोपऱ्यात पत्त्यांचा डाव बसतो आणि दुसऱ्या दिवशी मला हिरवळीतून काचा वेचाव्या लागतात. एकदा तळहातात काच घुसून चार टाके पडलेत. कुलूप हौसेनं लावत नाही कुणी.

शनिवार पेठकर
काका, तुमच्या कष्टाबद्दल शंकाच नाही. पण बाटल्या पडतात त्या जिथं कुणाची नजर पोचत नाही तिथं. न्यूयॉर्कच्या मध्यवस्तीतल्या ब्रायंट पार्कचं हेच झालं होतं. उंच कुंपण, दाट झुडपं, आत नशेचा धंदा. साधी माणसं तिकडं फिरकायची नाहीत. दुरुस्तीसाठी 1988 मध्ये बंद केलेलं ते पार्क 1992 मध्ये पुन्हा उघडलं. लोखंडी कुंपण काढलं, आत यायच्या वाटा वाढवल्या, स्वच्छतागृह नीट केलं आणि उचलून हलवता येतील अशा खुर्च्या ठेवल्या. विल्यम व्हाइट या अभ्यासकानं त्याच शहरातल्या चौकांत कॅमेरे लावून माणसं कशी बसतात ते टिपलं होतं. माणूस खुर्ची वीतभर सरकवतो आणि मग बसतो. जागा आपल्या मनासारखी करून घेता आली की तो रमतो.

हिशेबनीस
उदाहरण अर्धंच दिलंत. ते पार्क एक खासगी संस्था चालवते. खाद्यपदार्थांच्या टपऱ्यांचं भाडं आणि कार्यक्रमांचा पैसा यांवर सफाई, राखण चालते. तसं इथं करायचं म्हणजे बाग ठेकेदाराकडे जाणार आणि फाटकावर तिकीट लागणार. दहा रुपये तुम्हा-आम्हाला काही नाहीत, पण त्या आजी पुन्हा फूटपाथवरच बसतील. शिवाय सुट्या खुर्च्या इथं आठवडाभर टिकणार नाहीत. दगडी कट्टाच बरा.

दोन मुलांची आई
तुमचं कुलूप आणि ठेका चालू द्या, मी एकच विचारते. बायकांसाठी पाणी असलेलं, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह आहे का त्या बागेत? नसेल तर मी मुलांना घेऊन अर्ध्या तासाच्या वर थांबूच शकत नाही. पेठकरांनी सांगितलेल्या त्याच अभ्यासात असंही दिसलं होतं, की जिथं बायकांचं प्रमाण जास्त तिथं गर्दीही चांगली. बायका जागा पारखून बसतात. संध्याकाळी मी राजवाड्यासमोर चौपाटीवर निर्धास्त उभी राहते, कारण चारी बाजूंनी गाड्या, उजेड, ओळखीचे विक्रेते. बागेच्या दाराशी एक भेळवाला नि एक शेंगावाला असू द्या, रखवालदारापेक्षा त्याचा जास्त आधार वाटतो.

माळीकाका
ताई, दाराबाहेर भेळवाल्याला माझी ना नाही. आत कागद आले तर मात्र वेचणार कोण, ते आधी ठरवा.

आणि हिशेबनीस, कट्ट्याचं खरंय, पण कट्टा बांधताना काय करतात ते बघितलंय का? झाडाच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक. पाणी मुरत नाही, मुळाला हवा नाही. पाच-सात वर्षांत फांद्या वाळायला लागतात. बुंध्याभोवती निदान चार हात माती मोकळी सोडा, कट्टा त्याच्या बाहेर बांधा. सावली मेली तर तुमच्या खुर्च्या कशाला? नवीन रोपाखाली बसायला मिळेपर्यंत त्या आजींचा नातू म्हातारा होईल.

शनिवार पेठकर
हे पटलं. खुर्च्यांचा हट्ट सोडतो. आणि कट्ट्याच्या एका भागावर छप्पर हवं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस उसंत देत नाही, नुसता वड पुरत नाही.

फाटकाचं मात्र सोडत नाही, काका. पाणी सकाळी सात-आठला दिलं तर झाडांनाही बरं ना? चैत्र-वैशाखात फक्त रस्त्याकडचं एक दार बारा ते चार उघडं ठेवून बघू.

माळीकाका
सकाळी पाणी देता येईल, नळाला पाणी असेल तर. एक दार चालेल, वडाच्या बाजूचं. तिथून सगळी बाग नजरेत राहते. मेंदीचं कुंपण मात्र कमरेएवढं छाटावं लागेल, ते मी बागेच्या लोकांना सांगतो.