सरावात सर्व्हिस आत, सामन्यात डबल फॉल्ट

मडगावचा पालक: मुलगी 12 वर्षांची, उजव्या हाताने टेनिस खेळते. कोचिंगला टोपलीभर चेंडू मारताना सर्व्हिस छान आत पडते, सामन्यात मात्र डबल फॉल्टवर डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्हिस चुकून पॉइंट जातो). दुसरी सर्व्हिस अगदी हळू ढकलते, तरी नेटमध्येच. सर म्हणतात सराव वाढवा. पण नेमका कसला?

पणजीकर: ढकलते म्हणूनच नेटमध्ये जाते. दुसऱ्या सर्व्हिसला रॅकेटचा वेग कमी करायचा नसतो, फिरकी वाढवायची असते. रॅकेट खालून वर जोरात घासत गेली की टॉपस्पिनमुळे (पुढच्या दिशेने फिरकी) चेंडू नेटच्या दोन-तीन फूट वरून जाऊनही समोरच्या सर्व्हिस बॉक्समध्ये उतरतो. आधी ग्रिप बघा. फोरहँडच्याच ग्रिपने मारत असेल तर ही फिरकी मिळणं कठीण. कॉन्टिनेंटल हवी, हातोडी धरतात तशी. सुरुवातीला चेंडू डावीकडे भरकटतील. तेवढ्यासाठी जुनी ग्रिप परत धरू देऊ नका. घासणं अंगात मुरायला तिला सर्व्हिस लाइनवर (बॉक्सच्या मागच्या रेघेवर) गुडघ्यांवर बसवून मारायला लावा (खाली जाड टॉवेल घाला, हार्ड कोर्टवर गुडघे सोलवटतात). इतक्या खालून सपाट मारलेला चेंडू एक तर नेटमध्ये अडकतो, नाहीतर लांब जातो. वर घासावंच लागतं.

फोंडेकर: ग्रिपचं पटलं, पण टोपलीचा सरावही बदला. एका जागेवरून ओळीने मारताना मागची चूक पुढच्या चेंडूला सुधारून घेता येते. सामन्यात ती सोय नाही: रॅली होते, दम लागतो, बाजू बदलते. म्हणून प्रत्येक चेंडूला ड्यूस-अ‍ॅड बाजू (म्हणजे कोर्टची उजवी-डावी) बदला आणि पॉइंट पूर्ण खेळवा. सर्व्हिस एकच, चुकली की पॉइंट गेला. चुका आधी वाढतील, म्हणून सोडू नका. दोन पॉइंटांमध्ये नियमाने 25 सेकंद मिळतात, ते वापरायलाही इथेच शिकवा. आपल्या दमट हवेत तळहात आणि ग्रिप पुसण्यातच निम्मे जातात.

मडगावचा पालक: ग्रिप फोरहँडचीच निघाली! पावसात कोर्ट बंद असतं, तेव्हा काय?

म्हापशेकर: टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी चेंडू वर उडवणं. उघडीप मिळाली की अंगणात. बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) छत आड येतं. चेंडू बोटांच्या टोकांवर, कोपर सरळ, डोळ्यांच्या उंचीवर सोडायचा. मनगट वळलं की तो डोक्यामागे जातो. डाव्या पावलापुढे फूटभर अंतरावर रॅकेट आडवी ठेवा, न मारलेला चेंडू तिच्या आसपास पडायला हवा. फिरकीच्या सर्व्हिसला किंचित डावीकडे. मिरामारसारख्या समुद्राजवळच्या कोर्टवर दुपारी वारा सुटतो, तिथे टॉस बेताच्या उंचीचा ठेवा. आणि वाकडा गेलेला टॉस मारायचाच नाही. रॅकेट न फिरवता चेंडू झेलला तर तो फॉल्ट धरत नाहीत, हे बऱ्याच मुलांना माहीतच नसतं.